कोणता प्रकल्प लवादात जाणार, हे बारनिशीला आधी कळतं

प्रश्न थोडक्यात असा. राज्यातल्या एका रस्ते महामंडळाच्या पीपीपी (सरकारी-खासगी भागीदारी) कक्षातले एक उपअभियंता विचारतात: आमच्याकडे बीओटी (कंपनीने बांधायचं, टोल घेऊन चालवायचं, मग परत द्यायचं) आणि हॅम (काही पैसे बांधकामातच सरकारकडून, उरलेले नंतर हप्त्यांनी) मिळून चाळीसेक प्रकल्पांची माहिती एक्सेलमध्ये आहे. त्यातले दहाएक प्रकल्प लवादात आहेत किंवा जाऊन आलेत. वरिष्ठांनी सांगितलंय, ‘डेटा मायनिंग करा, म्हणजे जुन्या नोंदींतून संगणकाने खुणा शोधा, आणि पुढचा वाद कुठे उभा राहणार ते आधी सांगा.’ कोणता अल्गोरिदम घ्यावा, अचूकता किती मिळेल आणि काम बाहेर द्यायचं झालं तर निविदेत काय लिहावं?

मी रस्ते आणि मेट्रोच्या करारांवर क्लेमच्या, म्हणजे भरपाईच्या दाव्यांच्या, दोन्ही बाजूंनी काम केलंय, कधी प्राधिकरणाकडून तर कधी कन्सेशनेअरकडून (करार घेतलेल्या खासगी कंपनीकडून). अल्गोरिदमचा प्रश्न यातला सगळ्यात सोपा, तो शेवटी घेऊ. आधी तुमच्या एक्सेलकडे पाहू. चाळीस ओळी, त्यात प्रकल्पाचं नाव, लांबी, किंमत, कंपनी, करार कधी झाला, आज काय स्थिती. एवढ्यावर कुठलंही मॉडेल चालवलंत तर ते शिकणार नाही, पाठ करेल. एकाच कंपनीचे तीन प्रकल्प लवादात असले की ते म्हणेल, ‘ही कंपनी भांडखोर’. तेवढं तुमच्या लेखा शाखेतला कारकूनही सांगतो, त्याला मॉडेल कशाला?

तैवानमध्ये यावर बरंच संशोधन झालंय. तिथल्या पब्लिक कन्स्ट्रक्शन कमिशनच्या देखरेखीखालच्या पीपीपी प्रकल्पांची माहिती घेऊन डिसिजन ट्री, सपोर्ट व्हेक्टर मशीन, न्यूरल नेटवर्क अशी मॉडेलं चालवली गेली. पहिल्या टप्प्यात वाद होईल की नाही आणि दुसऱ्या टप्प्यात तो कोणत्या मार्गाने सुटेल, असे दोन प्रश्न त्यांनी विचारले. त्यांना हे जमलं, कारण शेकडो प्रकल्प एका छत्राखाली, एका नमुन्यात नोंदवलेले होते. पण त्या प्रकारचं भाकीत प्रकल्पाच्या ठेवणीवरून होतं: प्रकार कोणता, गुंतवणूक किती, सरकारी संस्था कोणती. निविदा काढण्याआधी धोरण ठरवणाऱ्याला ते उपयोगी. तुमचे करार तर सह्या होऊन बसलेत. प्रकल्पाचा प्रकार किंवा किंमत आता तुम्ही बदलू शकत नाही. तुम्हाला हवी आहे चालू कामातली पूर्वसूचना आणि ती प्रकल्पाच्या ठेवणीत सापडत नाही. ती तारखांत सापडते.

म्हणून पहिला बदल असा करा: ‘प्रकल्प’ हे एकक सोडा. एकक धरा करारातली एक जबाबदारी, रस्त्याचा एक खंड किंवा एका विषयावरची पत्रांची एक मालिका. एका बीओटी प्रकल्पात जागेचे शंभर तुकडे, युटिलिटीची (विजेच्या, पाण्याच्या वाहिन्या हलवण्याची) पन्नास कामं आणि परवानग्यांची वीस प्रकरणं सहज निघतात. चाळीस प्रकल्पांतून काही हजार ओळी तयार होतात आणि मग मायनिंग या शब्दाला काहीतरी अर्थ येतो.

जागेचंच बघा. आपल्याकडच्या महामार्ग करारांत साधारणपणे अपॉइंटेड डेटला, म्हणजे कराराची मुदत मोजायला सुरुवात होते त्या तारखेला, ८० टक्के जागा ताब्यात असावी लागते. कागदावर ८० टक्के झाले की सगळे सुटकेचा श्वास सोडतात. पण उरलेले २० टक्के रस्त्याच्या शेवटी एका जागी नसतात. ते मधूनमधून विखुरलेले असतात. इथे तीनशे मीटरवर एका गटाचे सहहिस्सेदार कोर्टात, तिथे विहिरीचं मूल्यांकन अडलेलं, पुढे उच्चदाब वाहिनीचा मनोरा. पेव्हर (डांबर पसरवणारं यंत्र) दर दोन किलोमीटरला थांबवून, उचलून पुढे न्यावा लागतो. कन्सेशनेअरचा क्लेम त्या तीनशे मीटरच्या कामाचा नसतोच. यंत्रं आणि माणसं रिकामी बसली, मुख्यालयाचा खर्च चालू राहिला, वाढीव मुदतीत डांबराचे भाव चढले, असा तो असतो. मग उशिरामुळे बुडालेला मुख्यालयाचा खर्च काढणारं हडसन किंवा एमडेनचं सूत्र लावून आकडा फुगतो. तुमच्या एक्सेलमध्ये मात्र एवढंच लिहिलेलं असतं: ‘भूसंपादन – ८६ टक्के – प्रगतीत’.

या तीनशे मीटरची ओळ कशी लिहायची, ते सांगतो. साखळी क्रमांक (रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर) कुठून कुठे, गाव, गट क्रमांक. राष्ट्रीय महामार्ग असेल तर १९५६च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याखालची ३ए (जागा घेण्याचा इरादा), ३डी (संपादनाची घोषणा) आणि ३जीची (मोबदला ठरवणं) तारीख, मोबदला जमा झाल्याची तारीख, प्रत्यक्ष ताब्याची तारीख आणि त्याशेजारी करारानुसार ताबा कधी द्यायचा होता ती तारीख. मग इंडिपेंडेंट इंजिनिअरच्या (कामावर देखरेख करणाऱ्या तटस्थ सल्लागाराच्या) संयुक्त पाहणीची तारीख, कन्सेशनेअरचं त्या खंडावरचं पहिलं पत्र, तुमचं पहिलं उत्तर. यातून काढलेले रकाने मूळ रकान्यांपेक्षा जास्त बोलतात. उदाहरणार्थ, ३एची अधिसूचना निघाल्यापासून एका वर्षात ३डी निघाली नाही तर ३ए बाद होते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. म्हणून ‘वर्ष पुरं व्हायला किती दिवस उरले’ हा रकाना ठेवा. तो साठच्या खाली आला आणि संयुक्त मोजणी झालेली नसली, तर त्या खंडावर वाद जवळपास ठरलेला आहे. हे सांगायला कुठलंही मॉडेल लागत नाही, फक्त कुणीतरी ती वजाबाकी करून दर सोमवारी टेबलावर ठेवायला हवी. एप्रिल २०१८पासून राष्ट्रीय महामार्गांच्या या अधिसूचना भूमिराशी पोर्टलवरून जातात, त्यामुळे तारखा मिळायला हरकत नाही. राज्य मार्गांसाठी प्रांत कार्यालयातून मागवाव्या लागतील. तिथे माणूस पाठवल्याशिवाय मिळणार नाहीत, हेही धरून चाला.

आता पत्रं. माझ्या मते तुमच्या कार्यालयातला सगळ्यात मोलाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित डेटा बारनिशीत, म्हणजे आवक-जावक नोंदवहीत, पडलाय. आवक क्रमांक, जावक क्रमांक, तारीख, विषय, कोणाकडे चिन्हांकित. एवढ्या पाच रकान्यांवर जे कळतं ते मासिक प्रगती अहवालाच्या चारशे पानांत कळत नाही, कारण प्रगती अहवाल वाचला जावा म्हणून लिहिलेला असतो आणि बारनिशी कुणी वाचेल या कल्पनेने लिहीत नाही.

प्रत्येक सरकारी पत्राच्या डोक्यावर ‘संदर्भ’ असतो. पहिल्या पत्राला संदर्भ करारातल्या कलमाचा. दुसऱ्याला आमचं अमुक तारखेचं पत्र. पाचव्या-सहाव्या पत्रात संदर्भाची यादी पानाचा चौथा हिस्सा खाते. आणि नीट पाहिलंत तर त्या यादीत सगळी पत्रं एकाच बाजूची असतात: ‘आमचं पत्र’, ‘आमचं पत्र’, ‘आमचं स्मरणपत्र’. समोरून एकही नाही. ही यादी संगणकाला वाचता येते. कोणतं पत्र कोणत्या पत्राचा हवाला देतं याचं जाळं बांधलं की प्रत्येक विषयाची मालिका वेगळी होते आणि मालिकेत शेवटचं उत्तर कधी गेलं हेही दिसतं. पत्रांची संख्या मात्र मोजून फसू नका. मोठ्या कन्सेशनेअरांचे क्लेम सल्लागार पहिल्या महिन्यापासूनच पत्रांचा पाऊस पाडतात. तो त्यांचा शिरस्ता असतो, तक्रार नव्हे. मोजायचं ते आपलं मौन: पत्र आल्यापासून उत्तर जाईपर्यंतचे दिवस, आणि ‘तपासून कळवण्यात येईल’ छापाचं उत्तर हे उत्तर धरायचं नाही.

मजकुरातही खुणा असतात. एखाद्या विषयावर ‘विदाउट प्रेज्युडिस’ किंवा ‘आमचे हक्क राखून’ हे शब्द पहिल्यांदा कधी आले, कलम क्रमांक पहिल्यांदा कधी आला, ‘विनंती’ची जागा ‘नोटीस’ने कधी घेतली. सही प्रकल्प व्यवस्थापकाची होती ती मुख्यालयातल्या अधिकृत स्वाक्षरीकर्त्याची कधी झाली. आणि प्रत कोणाकोणाला गेली. ज्या दिवशी पत्राची प्रत कर्ज देणाऱ्या बँकेला जायला लागते, त्या दिवसापासून ते पत्र तुम्हाला लिहिलेलं नसतं, ते पुढच्या लवादाला लिहिलेलं असतं. हे सगळं साध्या शब्दशोधाने निघतं. मोठं भाषिक मॉडेल वापरलंत तर वर्गीकरण जास्त चांगलं होईल, पण त्याने काढलेल्या दर दहा निष्कर्षांमागे एक तरी निष्कर्ष माणसाने मूळ पत्राशी ताडून पाहावा, ही अट ठेवा.

व्यावहारिक अडचणींपैकी दोन तुम्हाला नक्की भेटतील. एक, कन्सेशनेअरची पत्रं इंग्रजीत, पण महावितरण, वन विभाग, ग्रामपंचायत आणि प्रांत कार्यालयाची मराठीत, त्यावर पेनाने शेरे आणि गोल शिक्का नेमका तारखेवर. स्कॅनचं वाचन दोन्ही भाषांत करावं लागेल आणि तारखा हाताने तपासाव्या लागतील. दोन, जुन्या फायली श्रीलिपी वगैरे फॉन्टमध्ये टाइप झालेल्या असतात. त्या युनिकोडमध्ये आणल्याशिवाय त्यातलं अक्षरही शोधता येत नाही, उघडल्यावर फक्त चिन्हांची रांगोळी दिसते. एकूण कामाचा निम्म्याहून जास्त वेळ इथे जातो. सल्लागार कंपनी सादरीकरणात ही पायरी एका स्लाइडवर उरकते, तेव्हा सावध व्हा.

पुढचा प्रश्न ‘वाद’ म्हणजे नेमकं काय धरायचं हा. तुमच्या एक्सेलमध्ये ‘लवादात: होय/नाही’ असा रकाना आहे. तो काढा. वाद पायऱ्यांनी चढतो: हरकतीचं पत्र, करारातल्या कलमाखालची रीतसर नोटीस, इंडिपेंडेंट इंजिनिअरचं मत, सलोख्याची बैठक किंवा समेट समिती, लवाद आणि मग १९९६च्या लवाद कायद्याच्या कलम ३४ आणि ३७खाली कोर्ट. तुम्हाला भाकीत हवं ते पहिल्या पायरीवरून दुसरीवर कोण जाणार याचं, कारण तिथेच अजून हातात काही असतं.

आणि शेवटी कोण जिंकलं, हे तर भाकिताचं लक्ष्य कधीच ठेवू नका. दिल्लीच्या विमानतळ मेट्रो मार्गाचं उदाहरण घ्या. २००८मध्ये करार, २०११मध्ये गाडी सुरू. बांधकामातल्या दोषांवरून जुलै २०१२मध्ये सेवा थांबली, मार्ग चालवणाऱ्या कंपनीने प्राधिकरणाला दोष दूर करण्यासाठी ९० दिवसांची नोटीस दिली आणि ऑक्टोबरात करार संपवला. मे २०१७मध्ये लवादाने कंपनीला २,७८२ कोटींहून जास्त रक्कम दिली. २०१८मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने निवाडा टिकवला, २०१९मध्ये खंडपीठाने फिरवला, सप्टेंबर २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा उभा केला आणि १० एप्रिल २०२४ला त्याच न्यायालयाने क्युरेटिव्ह याचिकेत (स्वतःचाच अंतिम निकाल दुरुस्त करण्यासाठीच्या शेवटच्या याचिकेत) तो रद्द केला. म्हणजे २०१७, २०१९, २०२१ आणि २०२४ या चार वर्षांत तुम्ही ‘निकाल’ हा रकाना भरला असता तर दर वेळी उलट भरला असता. त्यावर शिकलेलं मॉडेल काय सांगणार? पण २०१२मधली ९० दिवसांची नोटीस कुणाच्या नजरेने बदलत नाही. ती आली होती, तारखेसह. शिकवायला तीच उपयोगी.

आता पद्धती. सुरुवात असोसिएशन रूल्सने करा (कोणत्या खुणा एकत्र आल्या की नोटीस जास्त येते ते मोजणारे नियम), कारण त्यातून निघालेलं वाक्य कार्यकारी अभियंत्याला वाचून कळतं. समजा तुमच्याकडे १,००० नोंदी आहेत आणि त्यातल्या १०० वर पुढे रीतसर नोटीस आली. म्हणजे सर्वसाधारण शक्यता १० टक्के. ‘ताबा उशिरा’ अशा २५० नोंदी, त्यातल्या ५० वर नोटीस: २० टक्के, सर्वसाधारणच्या दुप्पट. आता ‘ताबा उशिरा’ आणि ‘पहिल्या पत्राला तीस दिवसांत उत्तर नाही’ अशा दोन्ही खुणा असलेल्या ८० नोंदी, त्यातल्या ४० वर नोटीस: ५० टक्के, पाचपट. हे आकडे समजावण्यापुरते आहेत, पण प्रत्यक्ष फायलींत मला जे दिसतं ते याच धाटणीचं असतं: उशीर माणसं सहन करतात, उशिरावरचं मौन नाही. तुमच्या डेटात हे खरं आहे का ते तुम्हीच तपासा. खोटं निघालं तर तेही कामाचं.

त्यानंतर डिसिजन ट्री, म्हणजे एकामागून एक होय/नाही प्रश्नांची फांदी-फांदी. तीन-चार पातळ्यांपेक्षा खोल जाऊ देऊ नका. मग रँडम फॉरेस्ट (अशा शेकडो ट्रींचा एकत्रित कौल) चालवून पाहा. अचूकता थोडी वाढेल, पण ‘का’ हे सांगणं अवघड होईल. मला यातलं सगळ्यात कामाचं वाटतं ते सर्व्हायव्हल अ‍ॅनालिसिस, म्हणजे एखादी घटना घडायला किती वेळ लागतो याचा हिशेब, आणि नेमकं तेच कुणी सुचवत नाही. तुमचे निम्मे विषय अजून उघडे आहेत. त्यांच्यावर नोटीस ‘आली नाही’ असं लिहिलंत तर ते खोटं ठरेल, कारण ती उद्या येऊ शकते. सर्व्हायव्हल पद्धतीत अशा अर्धवट विषयांना ‘आजपर्यंत नाही’ एवढंच म्हणता येतं आणि उत्तरही आपल्याला हवं तसं मिळतं: हा विषय पुढच्या ९० दिवसांत नोटिशीपर्यंत जाण्याची शक्यता किती. होय/नाहीपेक्षा ‘कधीपर्यंत’ हे कळलं तर बैठक कधी लावायची ते ठरवता येतं.

एका गोष्टीवर मी सल्लागारांचे अहवाल परत पाठवतो. मॉडेलला भविष्यातली माहिती फुटलेली असते. ‘एकूण विलंब’, ‘अंतिम खर्चवाढ’, ‘मंजूर मुदतवाढींची संख्या’ हे रकाने वापरून ९५ टक्के अचूकता दाखवतात. अहो, अंतिम खर्चवाढ कळेपर्यंत लवादाची तिसरी सुनावणी झालेली असते! नियम साधा ठेवा: ज्या दिवसाचं भाकीत, त्या दिवशी फायलीत जे होतं तेवढंच मॉडेलला दाखवायचं. तपासणीसाठी नोंदी चिठ्ठ्या टाकून वेगळ्या काढू नका. अख्खे प्रकल्प वेगळे काढा, आणि जुन्या वर्षांवर शिकवून नंतरच्या वर्षांवर तपासा. एकाच प्रकल्पातले शेजारचे दोन खंड एक शिकवणीत आणि एक परीक्षेत गेला, की पेपर फुटलाच.

अचूकतेबद्दल तुम्ही विचारलंत. चाळीसपैकी दहा प्रकल्पांत वाद असतील तर ‘कुठेच वाद होणार नाही’ असं सांगणारा माणूस ७५ टक्के अचूक असतो आणि त्याचा उपयोग शून्य. म्हणून एकच टक्केवारी मागू नका. दोन विचारा: प्रत्यक्षात झालेल्या वादांपैकी किती आधी पकडले, आणि वाजवलेल्या घंटांपैकी किती खऱ्या. आपल्या कामात एक घंटा फुकट वाजली तर तासाभराची बैठक वाया जाते, एक वाद निसटला तर कोटींचं व्याज लागतं. तेव्हा फुकटच्या घंटा थोड्या जास्त झाल्या तरी चालतील, पण रोज पन्नास वाजल्या तर आठवड्याभरात कुणी ऐकणार नाही. महिन्याला सगळ्यात धोक्याचे दहा विषय एवढीच यादी मागा, त्याहून लांब नको.

कोणते वाद यात सापडणार नाहीत, हेही वरिष्ठांना आधीच सांगून ठेवा. मुंबईच्या वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रोत सापडणारा आणि न सापडणारा असे दोन्ही प्रकार एकत्र बघायला मिळतात. २००७चा करार, अंदाजित खर्च २,३५६ कोटी, ८ जून २०१४ला मार्ग सुरू. जागा उशिरा मिळाल्याने खर्च ४,३२१ कोटींवर गेला असं कंपनीचं म्हणणं, आणि ऑगस्ट २०२३मध्ये लवादाने कंपनीच्या बाजूने जवळजवळ हजार कोटींचा निवाडा दिला. जागेचा हा धागा तारखांच्या तक्त्यात वर्षानुवर्षं आधी दिसला असता. भाड्याचा वाद मात्र वेगळ्या जातीचा. करारात भाडं ९, ११ आणि १३ रुपये ठरलेलं होतं, कंपनीने मेट्रो रेल्वे कायद्याचा आधार घेऊन १० ते ४० रुपये लावलं. करार एक सांगतो आणि नंतर लागू झालेला कायदा दुसरं. बारनिशीत याचा मागमूस नसतो. तो कायदा लागू झाला त्याच दिवशी कुणी वकिलाने करार पुन्हा वाचायला हवा होता.

तसंच टोलचं. २०१५मध्ये राज्य सरकारने १२ टोलनाके बंद केले आणि ५३ नाक्यांवर मोटारी आणि एसटी बसना सूट दिली. ऑक्टोबर २०२४मध्ये मुंबईच्या प्रवेशद्वारांवरच्या पाच नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. कोल्हापूरकरांनी आंदोलन करून शहरातला टोल घालवला. हे निर्णय बरोबर की चूक हा वेगळा विषय, पण मॉडेलला निवडणुकीची तारीख माहीत नसते. असे प्रकल्प वेगळ्या यादीत ठेवा आणि भरपाईचं सूत्र निर्णयाच्या आदेशातच लिहून घ्या.

आता जो भाग कुणी विचारत नाही. समजा यादी तयार झाली, पहिल्या क्रमांकावर एक खंड आला, शक्यता ६० टक्के. पुढे काय? आपल्याकडचे बहुतेक वाद माहिती नव्हती म्हणून लवादात जात नाहीत. निर्णय घेतला तर उद्या चौकशी माझी होईल, लवादाने दिला तर कुणी विचारणार नाही, या हिशेबाने जातात. हा हिशेब चुकीचा आहे असंही म्हणता येत नाही. २०१५मध्ये विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने पीपीपीवरच्या अहवालात हेच दुखणं धरलं होतं: प्रामाणिक चूक आणि भ्रष्टाचार यांत कायद्याने फरक करावा, म्हणजे अधिकारी निर्णय घेतील. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा २०१८मध्ये बदलला. केंद्राने ऑगस्ट २०१६मध्ये असंही ठरवलं की, निवाड्याला सरकारी संस्थेने आव्हान दिलं असलं तरी बँक हमी घेऊन रकमेचा ७५ टक्के भाग कंत्राटदाराला द्यावा. म्हणजे प्रकरण लांबवलं तर पैसे वाचतील हा जुना हिशेबही केंद्रीय संस्थांपुरता बराचसा संपला. जून २०२४मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने तर लवादाचं कलम सरसकट घालू नका, ते साधारण १० कोटींखालच्या वादांपुरतं ठेवा आणि मोठ्या वादांत मध्यस्थीकडे वळा, अशा मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या केंद्राच्या संस्थांसाठी आहेत, पण वारा कुठून वाहतोय ते कळतं.

म्हणून यादीबरोबरच एक अधिकारपत्रक मंजूर करून घ्या. अमुक रकमेपर्यंतची मुदतवाढ कोण देणार, कामाच्या व्याप्तीतल्या बदलाची किंमत कोण ठरवणार, तीन जणांची समिती किती दिवसांत सही करणार. समितीत लेखा शाखेचा माणूस पहिल्या दिवसापासून हवा, नाहीतर सगळं ठरल्यावर त्याचा एक शेरा सगळं मागे नेतो. हे पत्रक नसेल तर डेटा मायनिंगवर पैसे घालू नका. कोण बुडणार हे आधी कळून काठावर उभं राहण्यात काय अर्थ आहे?

एक कायदेशीर खबरदारी. ‘हा खंड ६० टक्के धोक्यात’ असं तुमच्या नस्तीत (फायलीत) लिहिलेलं उद्या समोरच्या वकिलाच्या हाती लागलं, माहिती अधिकारातून असो की लवादापुढे कागद मागवून, तर तो म्हणेल: ‘यांना माहीत होतं, तरी जागा दिली नाही.’ यावर उपाय कागद लपवणं हा नाही. उपाय असा की यादीत दोष कुणाचा याबद्दल एक शब्दही नको. विषय, तारखा, उरलेले दिवस आणि पुढची कृती एवढंच असावं. आणि प्रत्येक नोंदीसमोर काय केलं ते लिहिलेलं असावं. ‘धोका कळला, अमुक तारखेला प्रांतांकडे बैठक घेतली’ अशी नस्ती लवादापुढे तुमच्याच बाजूने उभी राहते.

आणखी एक. उत्तराला लागणारे दिवस मोजले जातात हे कळलं की कार्यालयं दुसऱ्या दिवशी पोकळ उत्तरं पाठवायला लागतात, किंवा पत्र नको, व्हॉट्सअ‍ॅप करा असं कंत्राटदाराला सांगतात. सहा महिन्यांनी बारनिशी स्वच्छ दिसते आणि वाद तेवढेच असतात. तेव्हा मोजमाप अधिकाऱ्यांच्या गोपनीय अहवालाशी जोडू नका आणि पोकळ उत्तरांची टक्केवारी दर तिमाहीला वेगळी काढा.

निविदेबद्दल. ‘एआय आधारित वाद भाकीत प्रणाली’ असं शीर्षक दिलंत तर डॅशबोर्ड मिळेल आणि त्यावर हिरवे-लाल दिवे. त्याऐवजी काम दोन भागांत फोडा. पहिला भाग निव्वळ डेटा उभारणीचा: किती प्रकल्पांची किती पत्रं, कोणत्या रकान्यांत, तारखांतल्या चुकांची कमाल मर्यादा किती, नमुना तपासणी कोण करणार. देयकाचा मोठा हिस्सा यालाच जोडा. दुसरा भाग मॉडेलचा आणि त्याची परीक्षा तुम्ही घ्यायची: दोन संपूर्ण प्रकल्प सल्लागाराला दाखवूच नका, शेवटी त्यांच्यावर चालवून बघा. सगळा डेटा, वर्गीकरणाचे नियम आणि कोड महामंडळाच्या मालकीचे, हे ठळक लिहा. सल्लागार उद्या कन्सेशनेअरसाठी क्लेम लिहिणाऱ्यांपैकीच निघू शकतो, म्हणून हितसंबंधांचं प्रतिज्ञापत्र आणि काही वर्षांची बंदीही घाला. सॉफ्टवेअरचं नाव निविदेत नको; पायथन आणि आर दोन्ही फुकट आहेत आणि पहिल्या वर्षाचं काम त्यांत आरामात होतं.

आणि निविदा निघेपर्यंत हात बांधून बसू नका. दोन प्रकल्प निवडा, एक लवादात गेलेला आणि एक शेजारचाच न गेलेला. दोन्हींची गेल्या तीन वर्षांची बारनिशी एका कनिष्ठ अभियंत्याकडून आणि एका लिपिकाकडून एक्सेलमध्ये उतरवून घ्या. विषयवार मालिका लावा, मौनाचे दिवस काढा आणि दोन्ही तक्ते वरिष्ठांपुढे शेजारी-शेजारी ठेवा. पुढचा निधी मागायला तेवढे दोन कागद बहुतेक पुरतील.